पदराआधी अंग

येवल्यात पैठणीच्या मागावर बसू लागलेल्या प्रत्येकाला लगेच पदरातला मोर विणायचा असतो. तरीही पहिले काही महिने तुम्ही साडीच्या साध्या अंगावरच, म्हणजे पदराखेरीजच्या भागावरच, घालवावेत, असे माझे मत आहे. फणीचा, म्हणजे आडवा धागा ठोकून बसवणाऱ्या दातेरी चौकटीचा, ठोका कधी हलका, कधी जोरात पडला की कापडात आडवे पट्टे उमटतात आणि ते पुढे कोणत्याही उपायाने जात नाहीत.

पदरात काम वेगळे होते. तिथे जरीच्या जमिनीवर प्रत्येक रंगाची स्वतंत्र लहान कांडी (धागा गुंडाळलेली नळी) चालते. ती आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाते, शेजारच्या धाग्यात अडकते आणि परत फिरते. ही अडकण लागोपाठ काही ओळींत राहून गेली, तर दोन रंगांमध्ये उभी चीर पडते. माझ्या पहिल्या मोराच्या मानेत अशी चीर पडली होती आणि ती मला दिसली तेव्हा चोच विणून झाली होती; सगळे उसवावे लागले. त्यामुळे दर दोन बोटे विणकामानंतर खालून दिवा धरून पाहावे आणि उलटी बाजूही तपासावी, कारण हातमागाच्या पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसली पाहिजे.

ताण्याचा, म्हणजे मागावर ताणलेला उभा, धागा तुटला तर गाठ इतकी बारीक मारावी की ती फणीच्या दातातून न अडता सरकेल. आणखी एक, क्षुल्लक वाटेल असे: नखे गुळगुळीत घासलेली ठेवावीत, कारण भेगाळलेल्या नखाला रेशीम लगेच अडकते.