वाचकांचे प्रश्न : गावची शाळा की अंध शाळेचे वसतिगृह?

प्रश्न : आम्ही पारोळा तालुक्यातील कापूस पिकवणारे शेतकरी. आमची मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीत आहे. तिला जन्मापासून फार कमी दिसते. दिव्यांगत्वाचा दाखला ७५ टक्क्यांचा आहे. ती वही नाकाला टेकवून वाचते, फळा मात्र दिसत नाही. मुख्याध्यापक तिला शहरातील अंध शाळेत ठेवा म्हणतात. काय करावे?
— एक आई

उत्तर : ताई, हा निर्णय तुमचा आणि तुमच्या लेकीचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आपल्या निवडीप्रमाणे, मोफत शिकता येते. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे, पण लेखी कळवावे.

तुमच्या पत्रातील एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : ती वाचते. वही डोळ्यांजवळ धरल्याने नजर बिघडत नाही, म्हणून त्यासाठी तिला कोणी रागावू नये. मोठ्या अक्षरांची पुस्तके, ठळक रेघांची वही, काळे जाड पेन आणि वही टेकवायला उतरती फळी एवढ्याने तिचे बरेच काम सुकर होईल. पहिल्या बाकावर बसवले की समावेशन, म्हणजे दिव्यांग मुलाला सर्वांबरोबर शिकवणे, झाले, असा समज आपल्या शाळांत फार रुजला आहे. परंतु गुरुजी फळ्यावर लिहिताना तेच मोठ्याने बोलत नसतील, तर पहिल्या बाकावरूनही तिला काहीच मिळत नाही. ही एक सवय त्यांनी लावून घ्यावी, असा आग्रह धरा. भूगोल किंवा भूमिती तिच्यासाठी वगळू देऊ नका : पुठ्ठ्यावर सुतळी चिकटवून तापी आणि तिच्या उत्तरेला ज्वारीचे दाणे चिकटवून सातपुडा केला, तर खानदेशचा नकाशा ती बोटांनी वाचेल, आणि वर्गातील इतर मुलांनाही तो अधिक नीट कळेल.

पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांची चौकशी करा. परीक्षेत जादा वेळ व लेखनिक यांची सवलत असते.

नेत्रतज्ज्ञांना मात्र एक गोष्ट स्पष्ट विचारा : नजर पुढे आणखी कमी होईल का? तशी शक्यता असेल, तर दिसते आहे तोवरच ब्रेल, म्हणजे बोटांनी वाचायची ठिपक्यांची लिपी, सुरू करावी. ही लिपी शिकवणारे तालुक्यात नियमित कोणी येत नसेल, तर एक-दोन वर्षांसाठी वसतिगृहाचा विचार करण्यात काहीच गैर नाही. मात्र परतल्यावर तिची गावच्या शाळेतील जागा कायम राहील, हे आधीच लेखी ठरवून घ्या.