ऑटोमॅटिक गाडी, कोकणातले घाट आणि ‘एम’

प्रश्न : नवी ऑटोमॅटिक गाडी घेऊन कोल्हापूरहून आलो. आंबा घाट उतरून साखरप्याला पोचेपर्यंत पुढच्या चाकांना जळका वास सुटला. गिअर पूर्ण वेळ ‘डी’मध्येच (ड्राइव्ह, म्हणजे गिअर गाडीच बदलते) होता. गाडी घेताना सांगितलं होतं की गिअरला हात लावायची गरजच पडत नाही. मग ‘एम’ (मॅन्युअल, म्हणजे गिअर आपण बदलायचा) दिलाय कशासाठी?
– एक वाचक, देवरुख

उत्तर : नेमका याच उतारासाठी. ‘डी’मध्ये गाडी तुमच्या पायावरून अंदाज बांधते. उतारावर तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर सोडता, वेग मात्र वाढत असतो. बऱ्याच गाड्या याचा अर्थ ‘ताकद नको’ असा घेतात आणि चौथा-पाचवा गिअर टाकतात. त्या गिअरमध्ये इंजिन गाडीला जवळजवळ धरतच नाही, सगळा भार ब्रेकवर येतो. वास आला तो तापलेल्या ब्रेक पॅडचा.

घाटाच्या माथ्यावर, उतार सुरू होण्याआधीच, दांडा ‘एम’कडे घ्या. चालत्या गाडीत ‘डी’तून ‘एम’मध्ये जायला काहीच हरकत नाही, थांबावं लागत नाही. मग ब्रेक मारून वेग ३०-३५ वर आणा आणि दुसरा गिअर घ्या. उतार मोकळा असेल तर तिसरा चालेल. काही गाड्यांत दांडा पुढे ढकलला की गिअर वाढतो, काहींत मागे ओढल्यावर. तेव्हा प्लस-मायनसच्या खुणा घरीच बघून ठेवा. स्टिअरिंगमागे पॅडल (गिअर बदलायच्या छोट्या पट्ट्या) असतील तर सहसा उजवं वाढवतं, डावं उतरवतं.

आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) २५०० ते ३५०० झाला आणि इंजिनाचा आवाज वाढला म्हणून घाबरू नका. गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असला की आजच्या इंजिनांत इंधनाचा पुरवठा बंद होतो, त्यामुळे त्या आवाजाला पेट्रोल लागत नाही. जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरने घाट चढलात त्याच गिअरने उतरा. हिशोब आजही बरोबर आहे. फक्त लहान तीन सिलिंडरच्या टर्बो पेट्रोल गाड्या चढताना जोर दाखवतात, पण उतरताना कमी धरतात. त्यांना एक गिअर आणखी खाली घ्या.

ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. वेग ४५ झाला की ठाम दाबून ३० वर आणा आणि पाय पूर्ण उचला, म्हणजे डिस्कला थंड व्हायला वेळ मिळतो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडल मऊ होऊन खोल जातंय, तर ब्रेक ऑइलला उकळी फुटली आहे, आणि हे जास्त धोक्याचं. अशा वेळी पेडल भराभर पंप करा, गिअर उतरवा, रुंद जागा बघून थांबा आणि अर्धा तास तरी गाडी हलवू नका. तापल्या डिस्कवर पाणी अजिबात ओतू नका, डिस्क वाकडी होते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं. डॉट ४ ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर तो १५५ पर्यंत घसरू शकतो. किनाऱ्याच्या दमट हवेत राहणाऱ्यांनी ते दर दोन वर्षांनी बदलायलाच हवं. यात काटकसर नको, ही कळकळीची विनंती.

न्यूट्रलवर तर घाट कधीच उतरू नका. इंजिनाची पकड जाते आणि इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं ते वेगळंच.

प्रश्न : माझी गाडी एएमटी आहे. कुंभार्ली घाट चढताना वळणावर ती मध्येच दम सोडते, मग झटका देऊन उचलते. दोष आहे का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोष नाही, रचनाच तशी आहे. एएमटीमध्ये साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच क्लच असतो, फक्त क्लच दाबण्याचं आणि गिअर टाकण्याचं काम यंत्र करतं. गिअर बदलताना क्लच सुटतो, तेवढा वेळ चाकांना जोर मिळत नाही. वळणाआधी तुम्ही पाय सैल केला की ती वरचा गिअर घेते, वळणावर रेस दिली की पुन्हा खालचा शोधते.

‘एम’मध्ये दुसरा गिअर लावून वळणं काढा. गिअर बदलायचा तो वळणाआधी, रस्ता सरळ असताना. पावसाळ्यात हे फारच महत्त्वाचं, कारण जांभ्याचा चिखल वाहून आलेल्या वळणावर अचानक गिअर उतरवला तर पुढची चाकं घसरू शकतात. वरचा गिअर घेताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित सैल सोडा, झटका बराच कमी होतो. ओव्हरटेक करायचं तर आधी गिअर खाली, मग गाडी बाहेर.

चढावर ट्रकमागे अडकलात तर गाडी रेसवर तोलून धरू नका, क्लच प्लेट जळते. ब्रेक दाबून थांबा, पुढे एक-दोन गाड्यांइतकी जागा झाली की एका दमात निघा.

प्रश्न : ‘एम’मध्ये चुकीचा गिअर पडला तर इंजिन फुटेल का?
– एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : नाही. वेग जास्त असताना पहिला मागितला तर गाडी नकार देते, आकडा लुकलुकतो किंवा बीप वाजतो. वेग फार कमी झाला की ती आपणहून गिअर उतरवते. वरचा गिअर मात्र सगळ्याच गाड्या स्वतः घेत नाहीत, काही आरपीएमच्या काट्याच्या लाल रेषेवर अडून राहतात. गाडी विनाकारण ओरडत राहिली तर आधी दांडा चुकून ‘एम’ला सरकलाय का ते बघा.

प्रश्न : दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर एएमटी गाडीची काय काळजी घ्यावी?
– एक वाचक, गुहागर

उत्तर : पुढची गाडी रॅम्पवरून पूर्ण वर गेल्याशिवाय निघू नका, ओल्या लोखंडावर मध्येच थांबावं लागलं तर चाक घसरतं आणि क्लचही तापतो. चढताना ‘एम’ आणि पहिला गिअर. बहुतेक एएमटीत ‘पी’ (पार्किंग) नसतो, म्हणून बोटीत हँडब्रेक ओढा आणि गिअर लावूनच इंजिन बंद करा. न्यूट्रलमध्ये बंद केली तर गाडी फक्त हँडब्रेकवर उभी राहते.