यूट्यूबवर ऐकण्यासारखी व्याख्यानं कशी शोधायची?

चांगली भाषणं सापडतच नाहीत, असं तुम्ही म्हणता. विषयाऐवजी बोलणाऱ्याचं नाव टाकून शोधा आणि फिल्टरमध्ये मोठे व्हिडिओ निवडा, म्हणजे दोन मिनिटांची कात्रणं गळून पडतात.

सुरुवात अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांच्यापासून करा. १९६४ साली कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी दिलेली सातही व्याख्यानं चित्रित आहेत. सहावं तर आधी बघा! दोन फटींतून आधी बंदुकीच्या गोळ्या, मग पाण्याच्या लाटा, शेवटी इलेक्ट्रॉन, एवढ्यावर ते पुंजभौतिकी, म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या अतिसूक्ष्म कणांचं विज्ञान, उलगडत नेतात. हातात खडू, मागे फळा, बस्स. इंग्रजी भराभर वाटलं तर वेग पाऊणपट करा.

मराठीतच हवं असेल तर जयंत नारळीकरांची खगोलशास्त्रावरची भाषणं शोधा. घरातल्या शाळकरी मुलांनाही शेजारी बसवा.