जळगावहून आलेल्या सत्तरीच्या आई-वडिलांना मँचेस्टरहून एका दिवसात चॅट्सवर्थ हाऊस दाखवायचे आहे. दिवसाची आखणी कशी करावी?

चॅट्सवर्थ म्हणजे इंग्लंडच्या डर्बीशायरमधला, डेव्हनशायरच्या ड्यूक (सरदार) घराण्याचा जुना वाडा आणि त्याभोवतीची मोठी बाग. एका दिवसात ते निवांत पाहून होते. मात्र दिवसाचा मोठा वाटा वाड्याला न देता बागेला द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बहुतेक मंडळी सकाळी आधी वाड्यात शिरतात, दालनांमागून दालने पाहून थकतात आणि बागेत पोहोचेपर्यंत आभाळ भरून येते. डर्बीशायरमध्ये सकाळी ऊन पडले असेल, तर ते आधी वापरून घ्यावे. म्हणूनच ऑनलाइन तिकीट काढताना वाड्यात प्रवेशाची दुपारची वेळ निवडा. हिवाळ्यात नाताळानंतर वाडा काही आठवडे बंद असतो, तेव्हा तारीख ठरवण्याआधी संकेतस्थळ पाहून घ्या. नॅशनल ट्रस्ट या ऐतिहासिक वास्तू जपणाऱ्या संस्थेचे सदस्यत्व असले तरी ते येथे चालत नाही, कारण चॅट्सवर्थचा कारभार स्वतंत्र न्यास पाहतो.

मोटार असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर मँचेस्टरहून शेफील्डपर्यंत रेल्वेने आणि तेथून चॅट्सवर्थमार्गे बेकवेलला जाणाऱ्या बसने जाता येते. परतीच्या बसची वेळ मात्र निघण्यापूर्वीच पाहून ठेवा, विशेषतः रविवारी.

बागेतील सर्वांत देखणी गोष्ट म्हणजे एम्परर कारंजे. रशियाचा झार पहिला निकोलस भेटीला येणार या अपेक्षेने डेव्हनशायरच्या सहाव्या ड्यूकने आपला प्रमुख माळी जोसेफ पॅक्स्टन याच्याकडून १८४४ मध्ये ते उभारून घेतले. त्यासाठी वाड्यापेक्षा सुमारे ३५० फूट उंचावर तळे खणले. त्या उंचीवरून नळातून येणाऱ्या पाण्याच्या दाबावरच कारंजे उडते, पंप लागत नाही. त्याची धार २९६ फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. झार काही आला नाही. तळ्यातील पाण्यावरच सारी मदार असल्यामुळे कोरड्या उन्हाळ्यात धार कमी ठेवली जाते, हे आई-वडिलांना आधीच सांगून ठेवा. जवळच्या टेकडीवरून २४ पायऱ्यांनी पाणी उतरवणारा कॅस्केड सतराव्या शतकाच्या अखेरचा आहे. अलीकडे तो दुरुस्तीसाठी बंद होता, त्यामुळे त्याचीही चौकशी करावी.

आई-वडील जळगावचे आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांना आवर्जून सांगा. याच बागेच्या काचघरात पॅक्स्टनने वाढवलेल्या केळीला १८३५ मध्ये फुलोरा आला, आणि ड्यूकच्या घराण्याच्या नावावरून त्या जातीला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. जळगावची जुनी बसराई आणि आताची ग्रँड नैन या दोन्ही त्याच गटातल्या. केळीच्या मुलखातून आलेल्या माणसाला चित्रांपेक्षा हा धागा अधिक जवळचा वाटेल, असा माझा अंदाज आहे. पॅक्स्टनने पुढे बांधलेले प्रचंड काचघर १९२० मध्ये पाडण्यात आले; त्या जागी आता झुडपांचा चक्रव्यूह आहे.

जेवणासाठी घोड्यांच्या जुन्या पागेत उपाहारगृहे आहेत, पण बागेत डबा खायला हरकत नसल्याने दशम्या आणि चटणी बरोबर घेतलेली उत्तम.

वाड्यात दीड-दोन तास पुरे होतात. आजच्या वाड्याचा मुख्य भाग पहिल्या ड्यूकने १६८७ पासून बांधून घेतला. पेंटेड हॉलमध्ये लुई लागेर याने ज्यूलियस सीझरच्या जीवनातील प्रसंग रंगवले आहेत; तेथे बाक दिसला तर बसूनच छत पाहावे, मान अवघडत नाही. वरच्या मजल्यावरील दालने राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्यासाठी सजवली होती, पण तेही आले नाहीत. पाहुण्यांच्या बाबतीत या घराण्याचे नशीब काही धड नव्हते. तिथल्याच संगीत दालनात अर्धवट उघड्या दारातून आतल्या दारावर टांगलेले व्हायोलिन दिसते. ते नुसते रंगवलेले आहे, तरी क्षणभर कोणीही फसतो. जिने चढणे वडीलधाऱ्यांना जमणार नसेल, तर लिफ्टबाबत तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्या.

वेळ उरलाच तर परतताना बेकवेल गावात थांबा. तिथले प्रसिद्ध बेकवेल पुडिंग घरी शाकाहार पाळत असाल तर विचारपूर्वक घ्या, कारण त्याच्या सारणात अंडे असते.