साल्वेजवाली मस्टँग घ्यायचीये? आधी हे बघ

अरे अमेरिकेत आल्या आल्या मस्टँगचं वेड लागणं साहजिक आहे, पण स्वस्त दिसली म्हणून उडी मारू नकोस. साल्वेज म्हणजे इन्शुरन्सवाल्यांनी टोटल लॉस (दुरुस्ती परवडत नाही अशी) ठरवलेली गाडी, बहुतेक राज्यांत ती तशी रस्त्यावर आणताच येत नाही, दुरुस्ती होऊन तपासणी पास झाली की मग रिबिल्ट टायटल (दुरुस्त केलेल्या गाडीचा मालकीचा कागद) मिळतं. पहिलीच असेल तर रिबिल्टच बघ, ऑक्शनमधून ठोकलेली उचलून घरी बनवायचं खूळ सध्या नको.

१. गाडी बघायला जायच्या आधी व्हीआयएन (त्या गाडीचा ओळख नंबर) देऊन इन्शुरन्सला फोन कर. लायबिलिटी (दुसऱ्याच्या नुकसानीचा विमा) मिळते, पण फुल कव्हरेज (आपल्या गाडीच्या नुकसानीसकट) द्यायला बऱ्याच कंपन्या नाही म्हणतात, बँकाही लोनला कुरकुरतात.

२. तोच व्हीआयएन गूगलवर टाक, कोपार्ट या ऑक्शन साइटवरचे अपघाताचे फोटो बऱ्याचदा सापडतात. बंपर-फेंडर गेलं असेल तर ठीक. फ्रेम (गाडीचा सांगाडा) वाकलेली किंवा पुरात बुडालेली असेल तर नाद सोड. सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढून बघ, चिखलाचे डाग तिथेच राहतात, कारण तिथे कोणी पुसत नाही!

३. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर काहीतरी लपवलंय समज.

मेकॅनिक तुझा, विकणाऱ्याचा नाही, आणि गाडी लिफ्टवर चढवूनच तपासायची. विकणारा नको म्हणाला तर निघून ये. क्लीन टायटलवाल्या (कधी टोटल लॉस न झालेल्या) गाडीपेक्षा २०-४० टक्के कमी भाव असतो, विकताना तुलाही तेवढाच कमी मिळणार, ते धरूनच घासाघीस कर.