ई-बुक घ्यावं की कागदी पुस्तक?

वाचनाला नुकतीच सुरुवात केली असेल तर लगेच किंडल, म्हणजे ई-बुक वाचायचं यंत्र, घेऊ नका. आधी फोनवर एखादी कादंबरी पुरी करून बघा. रमलात, तरच खर्च करा. किंडलचा ई-इंकचा, म्हणजे कागदासारखा दिसणारा, पडदा उन्हातही स्वच्छ दिसतो.

मराठीसाठी फाइल आधी तपासा. ईपब या ई-बुकच्या फाइल-प्रकारात अक्षर मोठं केलं की ओळी आपोआप नीट बसतात. स्कॅन केलेल्या पीडीएफचं पान सहा इंची पडद्यावर फार बारीक दिसतं, डोळे शिणतात. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकाचे हक्क (कॉपीराइट) संपतात, म्हणून जुनं साहित्य फुकट मिळतं, पण बहुधा अशा स्कॅनमध्येच.

कविता आणि मुलांची पुस्तकं कागदावरचीच घ्या. शिवाय वाचून झालेलं छापील पुस्तक मैत्रिणीला देता येतं. ई-बुकचं तसं सहसा होत नाही, आणि मला ते फार खटकतं.