दोनदा सांगू नकोस

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझी चार मिनिटांची रचना आणि तिच्यासोबतची पावसाळ्यातल्या सह्याद्रीची छायाचित्रं पाहिली. आधी डोळे मिटून नुसतं ऐकलं, मग आवाज बंद करून नुसतं पाहिलं, शेवटी दोन्ही एकत्र. सुटं सुटं दोन्ही फार चांगलं आहे. चेलोवरची तुझी मूळ धून अजून मनातून जात नाही. पण एकत्र आल्यावर दोन्ही उणी होतात. ते का होतं, यावर मी बराच विचार केला.

धुक्याचं चित्र आलं की तू व्हायोलिनवर ट्रेमोलो, म्हणजे गज भरभर हलवून काढलेला थरथरता स्वर, आणतोस. धबधबा आला की झांजा वाजतात. शीळकरी कस्तूर फांदीवर दिसला की लगेच फ्लूट शीळ घालते. डोळ्यांना जे दिसतंय तेच कानांनाही सांगितलं, तर ऐकणाऱ्याला स्वतःचं काही करायला उरत नाही. धुक्याच्या त्या चित्राखाली ओबो या फुंकवाद्याचा एकच लांब, स्वच्छ स्वर ठेवून बघ. चित्रात जे झाकलेलं आहे, ते शोधायला माणूस कान टवकारेल.

बेथोव्हेनने १८०८ सालच्या आपल्या सहाव्या सिम्फनीबद्दल, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेबद्दल, स्पष्ट लिहून ठेवलं होतं की ती निसर्गाचं चित्र काढण्यापेक्षा भावना व्यक्त करणारी आहे. तरी त्याने पक्षी आणलेच: फ्लूटवर नाइटिंगेल, ओबोवर लावा, क्लॅरिनेटवर कुक्कू. पण कुठे आणले ते बघ. दुसऱ्या भागात तंतुवाद्यांमधून ओढा कितीतरी वेळ वाहत राहतो, आणि पक्ष्यांच्या हाका येतात त्या अगदी अखेरीस, मोजक्या काही मात्रांपुरत्या. तोवर आपण त्या ओढ्याकाठी बसून राहिलेलो असतो, म्हणून त्या हाका खऱ्या वाटतात. तुझा कस्तूर विसाव्या सेकंदाला येतो. तेवढ्यात कुणीही जंगलात पोचलेलं नसतं.

फिनलंडचा संगीतकार सिबेलियस याचं उदाहरण मला याहूनही जवळचं आहे. एप्रिल १९१५ मध्ये आपल्या घराजवळ त्याने सोळा हंस उडताना पाहिले आणि भारावून डायरीत तसं लिहिलं. पाचव्या सिम्फनीच्या शेवटच्या भागात हॉर्न या पितळी फुंकवाद्यावर जी धून झुलत येते, ती त्याच्या मनात या हंसांशी जोडलेली होती. स्वर लांब लांब अंतरावर, वरखाली संथ हेलकावत जातात. पंखांची गती तेवढी त्याने घेतली. तू सह्याद्रीतून काय घेणार आहेस? कड्याची उंची घे. ढग दरीतून वर चढायला लागणारा वेळ घे. हे स्वरांच्या अंतरात आणि लयीत मावतं. पावसाचा आवाज तिथे पाऊसच उत्तम करतो.

आता वेळेबद्दल, कारण खरी अडचण तिथेच आहे. चाळीस छायाचित्रं चार मिनिटांत, म्हणजे प्रत्येकाला सहा सेकंद. तुझी लय मिनिटाला साठ ठोक्यांची, चार-चारचा ताल, म्हणजे एक बार (चार ठोक्यांचा एक गट) चार सेकंदांचा आणि चार बारचं वाक्य सोळा सेकंदांचं. एक सांगीतिक वाक्य पुरं होईपर्यंत तू जवळजवळ तीन चित्रं बदलतोस, आणि शक्य तिथे बरोबर ठोक्यावर बदलतोस. चौथ्या चित्रापासून पाहणारा पुढचा बदल कधी होणार एवढंच मोजायला लागतो. बारा-चौदाच चित्रं ठेव. एखादं संपूर्ण वाक्यभर राहू दे. एखादं वाक्याच्या मध्येच बदल, स्वर लांबलेला असताना, हार्मनी, म्हणजे धुनीखालचा स्वरांचा मेळ, सरकते तिथे. आणि ते सावकाश झूम करत नेणं काढून टाक. स्थिर चित्र स्थिर राहिलं की संगीताचं चालणं जाणवतं.

वाद्यांविषयी दोन गोष्टी. संगणकावरच्या ध्वनिमुद्रित वाद्यांच्या संग्रहात, म्हणजे सॅम्पल लायब्ररीत, खालच्या सप्तकातली फ्लूट हवी तेवढी मोठी करता येते. खरी फ्लूट तिथे मऊ आणि हवेशीर असते, व्हायोलिनचा ताफा तिला सहज गिळतो. तसंच तुझी हॉर्नची ओळ नऊ बार न थांबता चालते, म्हणजे छत्तीस सेकंद. इतका श्वास कुणापाशी नसतो. ती ओळ दोन हॉर्नमध्ये वाटून दे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात २००६ पासून सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. तिच्या मैफलींना स्कोअर (सगळ्या वाद्यांची लिहिलेली स्वरलिपी) वाचून जा आणि वादक श्वास कुठे घेतात ते बघत बस.

मधल्या भागातल्या मियाँ मल्हार रागाबद्दल मला काळजी वाटते. त्याचा आंदोलित, म्हणजे डोलत लावायचा, कोमल गंधार तू कॉर्डमध्ये, एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटात, पक्का बसवलास आणि त्याचं डोलणं गेलं. तो गंधार एकट्या चेलोकडे दे, खाली डबल बासवर षड्ज-पंचम, बस्स. राग आणि वाद्यवृंद एकत्र नांदू शकत नाहीत असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. गोव्यातल्या माजोर्ड्याच्या व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विसांनी १९५८ साली मुंबईत झेवियर्स कॉलेजच्या आवारात भला मोठा वाद्यवृंद उभा करून हेच काम केलं होतं. आपल्याकडे त्यांची आठवण फार कमी काढली जाते, याचं मला वाईट वाटतं.

छायाचित्रांत एक तांत्रिक गोष्ट: तीनास दोनची फ्रेम सोळास नऊच्या पडद्यावर भरली की उंचीतला सुमारे १६ टक्के भाग कापला जातो. कड्याच्या दोन चित्रांत तुझं आभाळ तिथेच गेलंय. बाजूला काळी पट्टी राहू दे, चालेल. आणि कस्तुराला जवळ आणायला त्याची रेकॉर्ड केलेली शीळ वाजवली असशील, तर पुन्हा तसं करू नकोस. त्याला ती हद्दीत घुसलेल्या दुसऱ्या नराची वाटते आणि विणीच्या दिवसांत त्याची ताकद त्या भांडणात जाते.

पुढच्या वेळी आधी फक्त स्कोअर आणि ध्वनिमुद्रण पाठव. ज्या ज्या मात्रेवर चित्र बदलायचं आहे, तिथे स्कोअरवर पेन्सिलीने खूण कर आणि शेजारी चित्राचा क्रमांक लिही. चित्रं मी त्यानंतर मागवीन.

तुझा,
सर